पहिला नग

"तुपे, तुमचं मागचं बेअरिंग गेलंय."

फाटकाबाहेर अष्टपुत्रे साहेब उभे होते. हातात दुधाची पिशवी. पाच वर्षांनी समोरासमोर येत होतो, पण कसे आहात नाही, काय चाललंय नाही. मी नुकताच लेथ बंद करून शेडमधून बाहेर आलो होतो. अंगावर लाकडाचा भुसा.

"नवीन मशीन आहे साहेब," मी म्हणालो. "दोन महिनेसुद्धा झाले नाहीत."

"असेल. पण बेअरिंग गेलंय. आमच्या घरात ऐकू येतं."

त्यांचं घर आमच्या मागच्या गल्लीत होतं. ते तिथे राहायला आल्याचं मला माहीत होतं. म्हणूनच मी वर्षभर दूध आणायला लांबच्या डेअरीत जात होतो. शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, मी सांगितलं होतं की तिथलं दूध घट्ट असतं.

ही गोष्ट दोन हजार तीन सालची, साताऱ्यातली. आमची पंपाची कंपनी त्याच वर्षी बंद पडली होती. मी तिथे टर्नर, लोखंडाच्या लेथवर पंचवीस वर्षं. अष्टपुत्रे साहेब आधी इन्स्पेक्शनला होते, मग स्टोअर्सला, आणि तिथूनच रिटायर झाले. कंपनी गेल्यावर हाताला काम पाहिजे म्हणून मी पुण्याच्या एका प्रदर्शनातून लाकडाचा लेथ आणला. त्यातल्या त्यात स्वस्त होता तो. स्वस्त का होता ते घरी आणल्यावर कळलं. चालू केला की तो जागेवरून सरकायचा. मी त्याच्या पायांवर वाळूची पोती ठेवली. तरी हलायचा. मग शालनचा पाटा ठेवला. शालनने दोन दिवस मिक्सरवर चटणी केली आणि तिसऱ्या दिवशी पाटा उचलून नेला.

त्यावर मी भिंतीवर लावायच्या शोभेच्या थाळ्या करत होतो. आंब्याच्या फळीचा गोल तुकडा लेथच्या फिरत्या चकतीला, म्हणजे फेसप्लेटला, स्क्रूने पकडायचा, फिरता ठेवायचा, गोल पटाशीने कोरत कोरत मधे खोलगट आणि कडेला पातळ करायचा. शेवटी फिरत्या कडेवर तार दाबून धरली की लाकूड जळून काळीभोर रेघ उमटते. अशा तीन रेघा, वर लाखेचं पॉलिश. पाचगणीचा एक दुकानदार घ्यायचा. टुरिस्ट लोकांना आवडतात म्हणायचा.

साहेब फाटक उघडून आत आले. लेथचा स्पिंडल हाताने फिरवला, कान लावला. "हे बघा," म्हणाले. मी कान लावला. बेअरिंग गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते नवीन बेअरिंग घेऊनच आले. त्यानंतर रोज यायला लागले. सकाळी नऊला, कंपनीच्या भोंग्याला यावं तसे. बायको जाऊन सात वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. घरी एकटे. शालनला बरं वाटलं. "शिकलेला माणूस येऊन बसतो आपल्या शेडात," म्हणाली. "तुमीच तोंड का असं करता?"

तोंड मी मुद्दाम करत नव्हतो.

साहेबांच्या खिशात व्हर्नियर असायचं. थाळी तयार झाली की ते कडेची जाडी चार ठिकाणी मोजायचे. लाकडाची थाळी भिंतीवर लावायची आहे, ती मोजायचं काही कारण नाही. पण आम्ही दोघंही लोखंडातली माणसं. मीही मोजलीच असती. पहिल्यांदा त्यांनी एक थाळी संध्याकाळी मोजली आणि सकाळी परत मोजली, तेव्हा ती गोल राहिली नव्हती. लाकूड रात्रीत एका बाजूने सुकून आखडलं होतं.

"तुपे, ही दीड मिलीमीटर लंबगोल आहे."

"लाकूड आहे साहेब. हलतं ते."

"काल गोल होती."

"हो."

"म्हणजे काल मी बरोबर मोजली होती?"

"बरोबरच मोजली होती."

"तुम्ही एकदा वाचा," असं म्हणून त्यांनी व्हर्नियर माझ्या हातात दिलं.

हे त्यांचं नेहमीचं होतं. आकडा स्वतः वाचायचा, मग व्हर्नियर माझ्याकडे द्यायचं आणि म्हणायचं, तुम्ही वाचा. मी तोच आकडा सांगितला की मान हलवायचे. एकदाही त्यांचा आकडा चुकला नाही. एकदाही त्यांनी मला विचारल्याशिवाय तो खरा मानला नाही. शालनला वाटायचं, डोळे कमजोर झाले असतील. डोळे चांगले होते. ते असं का करतात, हे जगात एकट्या मला माहीत होतं, आणि मी रोज व्हर्नियर हातात घेऊन आकडा वाचत होतो.

थंडीच्या दिवसांत पाचगणीवाल्याने निरोप पाठवला: एका हॉटेलला मोठी थाळी पाहिजे, चौदा इंची, शिसवीची. असलं गिऱ्हाईक सोडायचं नसतं. मी वखारीत दोन दिवस घालवून शिसवीचा एकच तुकडा मिळवला. काळा, जड, देखणा. दुसरा नव्हता.

साहेबांनी तो उचलला. बोटाच्या पेराने टकटक केलं, जागा बदलून परत केलं. कानाशी धरला.

"तुपे, हा वाजत नाही नीट."

"म्हणजे?"

"इथे ठण्ण वाजतो, इथे बद्द. आत चीर असावी. लावू नका हा." मग थांबले. "मला असं वाटतं. तुम्ही ऐका."

मी टकटक केलं. एका बाजूला ठण्ण, दुसऱ्या बाजूला बद्द. फुटकं मडकं कुणालाही कळतं, तेवढं ते स्पष्ट होतं.

"चांगला आहे की," मी म्हणालो.

"चांगला आहे?"

"शिसव असंच वाजतं साहेब. दाट लाकूड."

ते माझ्याकडे बघत राहिले. नंतर म्हणाले, "मग माझंच चुकलं असेल."

मी तुकडा फेसप्लेटला लावला. आता स्वस्त लेथची आणखी एक गोष्ट सांगतो. कमीत कमी वेगालाही तो मिनिटाला नऊशे फेरे मारायचा. चांगल्या मशीनवर चौदा इंची तुकडा त्याच्या निम्म्या वेगाने फिरवतात. पट्टा सगळ्यात हळू पुलीवर टाकून मी बटण दाबलं. लेथ थरथरला, पण टिकला. बाहेरची कड गोल झाली. मधे कोरायला सुरुवात केली. लाकूड लोण्यासारखं कापत होतं आणि मी मनात म्हणत होतो, बघा.

आवाज फटाक्यासारखा आला. अर्धा तुकडा पत्र्यातून बाहेर गेला, तो नंतर शेजारच्यांच्या पेरूखाली सापडला. उरलेला अर्धा साहेबांना लागला. ते बाजूला उभे होते, नेहमी उभे राहायचे तिथेच. ते खाली बसले. पडले नाहीत, सावकाश बसले, आणि उजवा खांदा डाव्या हाताने धरला.

रिक्षाने दवाखान्यात नेलं. खांद्याच्या पुढचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधून त्यांना बाकावर बसवलं आणि आम्ही एक्स-रेच्या दुसऱ्या प्रतीची वाट बघत राहिलो. शालन औषधं आणायला गेली होती.

"तुपे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," साहेब म्हणाले. "माझीच चूक. फिरत्या तुकड्याच्या रेषेत उभं राहायचं नसतं. एवढी वर्षं कारखान्यात काढली, आणि साधी गोष्ट चुकलो."

मी म्हणालो, "तुकड्यात चीर होती. मला ऐकू आली होती."

त्यांनी गळ्यातली पट्टी सारखी केली.

"तुम्ही म्हणालात तेव्हाच ऐकू आली. मी खोटं बोललो."

"असू दे."

"आणि शाफ्टच्या वेळीपण तुमचं चुकलं नव्हतं."

आता ते सांगायला पाहिजे. कारखान्यात नवीन काम लागलं की टर्नर आधी एकच नग करतो. तो पहिला नग इन्स्पेक्टर मोजतो, बरोबर असला तर सही केलेला टॅग तारेने त्याला बांधतो, आणि मगच बाकीचा लॉट करायचा. एकोणनव्वद साली मी पंपाचे शाफ्ट करत होतो, अडतीस मिलीमीटरचे. पहिला नग अष्टपुत्रे साहेबांनी मोजला, पास केला, टॅग बांधला. त्यानंतर मी कापायचं टूल बदललं आणि डायल लावताना चुकलो. सगळी पाळीभर तसाच कापत राहिलो. दोनशे चाळीस शाफ्ट बारीक झाले. मला आधीच एक लेखी ताकीद मिळालेली होती. दुसरी मिळाली की घरी. शालनला सातवा महिना होता.

पाळी संपायच्या आत मी पहिल्या नगाचा टॅग सोडला आणि एका बारीक शाफ्टला बांधला. खरा पहिला नग डब्याच्या पिशवीतून घरी आणला.

चौकशीत वर्क्स मॅनेजर मिरजकर साहेबांसमोर तो टॅगवाला शाफ्ट ठेवला. मी म्हणालो, इन्स्पेक्शनने पास केलेल्या नगावरूनच मी लॉट केला. अष्टपुत्रे साहेबांना त्यांच्याच मायक्रोमीटरने तो मोजायला सांगितला. त्यांनी मोजला. खाली टॅगवर स्वतःची सही बघितली. परत मोजला. मग म्हणाले, "चूक माझी आहे." त्यांना स्टोअर्सला टाकलं. तिथे काही मोजायचं नसतं, नुसतं द्यायचं असतं.

हे सगळं मी दवाखान्याच्या बाकावर सांगितलं. साहेब समोरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत ऐकत होते. माझं झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "तार पक्कडीने सोडलीस?"

पंचवीस वर्षांत त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"हाताने, साहेब. नखाने."

"पहिला नग कुठाय?"

"घरी. माळ्यावर."

"चौदा वर्षं?"

"टाकवेना. बरोबर होता तो."

शालन औषधं घेऊन आली. साहेब तिला म्हणाले, "वहिनी, मला घरी सोडा. यांच्याबरोबर नको."

तीन आठवडे ते आले नाहीत. मी लेथ लावला नाही. शालनला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्याच लोखंडानं मी एकदा मिरच्या कुटल्या होत्या, तर केवढे अंगावर आलात माझ्या. मला वाटलं, सोन्याचं हाय का काय." नंतर दोन दिवस तिने मला जेवायला वाढलं ते न बघता वाढलं.

चौथ्या आठवड्यात, सोमवारी, नऊला, ते फाटकाशी आले. हात अजून गळ्यात. काखेत मायक्रोमीटरची लाकडी पेटी.

"आण," म्हणाले.

मी शाफ्ट आणला. फडकं सोडलं. तेल लावून ठेवलेला, गंज नव्हता. एका टोकाला मिरचीचा जरासा लाल डाग होता. साहेबांनी पेटी उघडली. चौदा वर्षांत ती पहिल्यांदाच उघडली असावी. आतलं तेल घट्ट होऊन पिवळं पडलं होतं. त्यांना एकाच हाताने मोजता येईना, म्हणून मायक्रोमीटर मी धरला आणि त्यांनी डाव्या हाताने टोक फिरवलं. कट, कट, कट.

"सदतीस पॉइंट नव्व्याण्णव," ते म्हणाले.

तीन ठिकाणी मोजलं. तिन्ही ठिकाणी सदतीस नव्व्याण्णव. अडतीस ते सदतीस अठ्ठ्याण्णवपर्यंत पास होता.

मी वाट बघत होतो. पण त्यांनी मायक्रोमीटर माझ्याकडे दिला नाही, तुम्ही वाचा म्हणाले नाहीत. पुसून पेटीत ठेवला. शेडच्या दाराकडे तोंड करून जरा वेळ उभे राहिले.

"कमलला वाटायचं, मी त्या दिवशी घरी भांडून गेलो होतो म्हणून माझं लक्ष नव्हतं," ते म्हणाले. कमल म्हणजे त्यांची बायको. "स्वतःला दोष द्यायची ती. ती तशीच गेली."

मी शाफ्ट परत फडक्यात गुंडाळला.

"मिरजकर कुठे असतात?"

"पुण्याला. कोथरूडला, मुलाकडे."

"जायचं. तू सांगायचं. मी नाही बोलणार."

"तुम्ही का नाही?"

"आपला नग आपण पास करायचा नसतो."

रविवारच्या एस्टीने गेलो. शाफ्ट फडक्यात गुंडाळून त्यांच्या मांडीवर. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी आंब्याची एक थाळी घेतली होती. मिरजकर साहेब अठ्ठ्याहत्तरचे झाले होते, पण ठणठणीत. आम्हाला बघून खूप आनंद झाला. कॅन्टीनची मिसळ काढली, दसऱ्याची मशीनपूजा काढली. थाळी हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली. सुनेने पोहे आणले.

साहेब म्हणाले, "तुपे, सांग."

मी उठून उभा राहिलो. चौकशीत उभा होतो तसा. पहिल्यापासून सांगितलं. टॅग, तार, डब्याची पिशवी. मिरजकर साहेब लक्ष देऊन ऐकत होते. मधे एकदा चमचा खाली ठेवला, त्यामुळे मला वाटलं, आता.

"कुठला लॉट म्हणालात?"

"एकोणनव्वदचा, साहेब. दोनशे चाळीस शाफ्ट."

"मला नाही बुवा आठवत." ते अष्टपुत्रे साहेबांकडे वळले. "तुम्ही पहिल्यापासून स्टोअर्सलाच होता ना?"

अष्टपुत्रे साहेबांनी शाफ्ट फडक्यातून काढून टेबलावर ठेवला. मिरजकर साहेबांना काहीतरी जाणवलं असावं. ते विचार करून म्हणाले, "एकोणनव्वद म्हणजे ती मध्य प्रदेशची ऑर्डर असणार. ती तर पुढे रद्दच झाली. त्या पंपांचं काही झालंच नाही, पडून होते यार्डात." आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून हसले. "तेव्हा शाफ्ट बारीक काय आणि जाड काय!"

मग त्यांनी टेबलावरचा शाफ्ट उचलला. वजन करून बघितलं. "छान आहे. हेही माझ्यासाठी?"

"नाही," अष्टपुत्रे साहेब म्हणाले. "हा माझा आहे."

परतीच्या एस्टीत ते खिडकीशी बसले. गाडी शिरवळला चहाला थांबली. खाली उतरून मी दोन चहा आणले. त्यांच्या डाव्या हातात कप दिला.

"त्यांचं वय झालंय साहेब," मी म्हणालो.

"वयाचा प्रश्न नाही. त्यांनी तेव्हाही लक्षात ठेवलं नसेल. संध्याकाळी घरी जाऊन जेवले असतील." चहा पिऊन झाला. "आता हे लक्षात ठेवणारे आपण दोघंच. मी आधी जाणार."

"असं का म्हणता?"

"पंधरा वर्षांनी मोठा आहे तुझ्यापेक्षा. हिशोब सरळ आहे. तू विसरायचं नाहीस. आणि सांगायचं. कुणी विचारलं नाही तरी."

"सांगेन." मग धीर करून विचारलं, "साहेब, मला माफ केलंत का?"

त्यांनी खरोखर विचार केला. कंडक्टरने घंटा मारेपर्यंत केला.

"इन्स्पेक्शनकडे दोनच शिक्के असतात तुपे," ते म्हणाले. "पास आणि रिजेक्ट. चल, गाडी सुटेल."

त्यानंतर ते दहा वर्षं होते. हाड जुळल्यावर परत शेडात यायला लागले. फिरत्या तुकड्याच्या रेषेत उभे राहत नसत. लाकूड वाजवून बघायचे आणि नको म्हणाले की मी तो तुकडा चुलीसाठी शालनला द्यायचो. त्यांनी मला शेवटपर्यंत अरेतुरेच केलं.

मी शब्द पाळला. न्हाव्याला सांगितलं, पाचगणीवाल्याला सांगितलं, जावयाला लग्नाआधी सांगितलं. शालन म्हणायची, पाहुण्यांना आधी पाणी तरी पिऊ द्या. पण साहेबांचा मुलगा, मिलिंद, त्या दहा वर्षांत दोनदा कॅनडाहून आला, आणि दोन्ही वेळा मी शेडचं दार आतून लावून घेतलं. साहेबांनी मला बोलावलं नाही, आणि विषयही काढला नाही. कुणी विचारलं नाही तरी सांगायचं, असं ठरलं होतं.

ते गेले त्याच्या दहाव्याला मी घाटावर गेलो. विधी झाले, माणसं पांगली. मिलिंद ओल्या पंच्यात पायरीवर बसला होता. पन्नाशीला आलेला, चेहरा बापाचा. शेजारी त्याची कॉलेजातली मुलगी. मी जवळ जाऊन नाव सांगितलं.

"तुपेकाका ना? बाबा फोनवर सांगायचे, तुमच्या थाळ्या मोजतो म्हणून." तो ओळखीचं हसला. "फार बारीक लक्ष असायचं त्यांचं. नोकरीला लागलो तेव्हापासून मला म्हणायचे, मिलिंद, दोनदा तपासत जा. माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली होती."

"नव्हती झाली," मी म्हणालो.

"काय?"

"चूक. त्यांच्या हातून झालीच नव्हती. माझ्या हातून झाली होती."

 मी सांगायला लागलो. टॅगपर्यंत आलो तसा त्याने हात वर केला. वाटलं, आता मारतो. मारलं असतं तरी मी हललो नसतो.

"थांबा," तो म्हणाला. मुलीचा हात धरून तिला माझ्यासमोर आणून बसवलं. तिला मराठी जेमतेम येत असावं. "आता परत सांगा. हळू सांगा, हिला कळलं पाहिजे."

मी खालच्या पायरीवर बसलो आणि पहिल्या नगापासून परत सुरुवात केली.